मदत हवी आहे: टाटा २०७ पिकअपला बसवलेले मीटर गाडी तापलेली दाखवतात, परवा पहाटे लोड आहे

उरुळीची_रोपं (मंगळवार, रात्री ९:४०)
२०७ ला टेम्परेचर, ऑइल प्रेशर आणि व्होल्ट असे तीन मीटर बाहेरून बसवून घेतले. टेम्परेचर १०५ पर्यंत जातंय आणि नेमकं त्याच वेळी ऑइल प्रेशर पडतंय. पाणी पूर्ण आहे, ऑइल नवीन आहे. मेकॅनिक म्हणतो इंजिनचं हेड (सिलिंडरवरचा भाग) उघडावं लागेल. गेल्या वर्षीच हेड केलंय, परत तो खर्च झेपणार नाही. गुरुवारी पहाटे रोपं घेऊन साताऱ्याला जायचंय. कृपया लवकर सांगा.

घाटवळण
साल कोणतं? मीटर इलेक्ट्रिक की नळीचा? सेंडर (मीटरला रीडिंग पाठवणारा सेन्सर) कुठे बसवलाय? १०५ चढावर होतं की उभ्या गाडीत? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

आबा_टेम्पोवाले
थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. मी ३० वर्षं टेम्पो चालवले, पुण्याच्या हवेत त्याची गरज नाही. पाणी मोकळं फिरलं की गाडी तापत नाही.

भोसरी_वायरमन
आबा, मान राखून सांगतो, हा सल्ला देऊ नका. थर्मोस्टॅट काढला की डिझेल इंजिन वेळेत गरम होत नाही, सकाळी पांढरा धूर मारतं, डिझेल जास्त खातं आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजतात. शिवाय गाडी खरंच तापते का हेच अजून ठरलेलं नाही.

आबा_टेम्पोवाले
माझ्या गाड्यांचे लायनर झिजले नाहीत.

उरुळीची_रोपं
२००६ चं मॉडेल. मीटर इलेक्ट्रिक. टेम्परेचरचा सेंडर रेडिएटरच्या वरच्या होज पाइपात तुकडा टाकून बसवलाय. प्रेशरचा टी (तीन तोंडांचा जोड) टाकून, म्हणजे डॅशबोर्डचा ऑइलचा लाल दिवाही आधीसारखा काम करतो. कंपनीचा काटा चालू आहे, पण त्यावर आकडे नाहीत. गेल्या वर्षी होज फुटला तेव्हा काटा हलेपर्यंत हेड गेलं होतं, म्हणून तर हे मीटर लावले. आता सांगा.

तांब्याची_नळी
इलेक्ट्रिक मीटर घेतला तिथेच चूक झाली. नळीचा मेकॅनिकल मीटर घ्या. बल्ब (नळीच्या टोकाची धातूची कुपी) पाण्यात, नळी थेट काट्याला. ना वायर, ना सेंडर, ना अर्थ (अर्थिंग). माझा १४ वर्षं चाललाय. फक्त नळी कापायची नाही आणि मुरगळायची नाही. ऑइललाही तसाच लावा.

भोसरी_वायरमन
टेम्परेचरला ठीक आहे. ऑइलला नको. मेकॅनिकल ऑइल मीटर म्हणजे गरम ऑइलची नळी केबिनमध्ये आणायची. ती थरथरीने फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकावर घासून फुटली तर ऑइल थेट ड्रायव्हरच्या पायावर. मी असा भाजलेला पाय बघितलाय.

तांब्याची_नळी
भोकाला रबर ग्रॉमेट टाकला आणि नळीला एक वेटोळं दिलं की फुटत नाही. लोक काम अर्धवट करतात आणि दोष मीटरला देतात.

धूर_काळा
मुळात पाण्याचं टेम्परेचर हे उशिराचं लक्षण. एक्झॉस्टचं टेम्परेचर बघा. मी माझ्या टर्बो गाडीच्या मॅनिफोल्डमध्ये टर्बोच्या आधी के टाइप थर्मोकपल (जास्त उष्णता मोजणारा सेन्सर) बसवलंय. डिझेल जास्त पडलं की आधी तिथे कळतं. त्याची वायर मात्र साध्या तांब्याच्या वायरने वाढवू नका, रीडिंग चुकतं.

उरुळीची_रोपं
मी एक्झॉस्टचं विचारलं नाहीये हो. हेड उघडायचं का नाही ते सांगा.

घाटवळण
तुम्ही माझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. १०५ कधी होतं? जागा सांगा.

उरुळीची_रोपं (मंगळवार, रात्री ११:१५)
कालचं सांगतो. सकाळी भरलेली गाडी घेऊन खंबाटकी घाट चढलो तेव्हा ९२, प्रेशर चांगलं. दुपारी रिकामी गाडी घेऊन परत येताना खंबाटकीच्या बोगद्याजवळ १०४. घाबरून बोगदा ओलांडून कडेला घेतली, तोपर्यंत ८८. पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यात परत तेच. रात्री हडपसर ते उरुळी तर सतत १०५ आणि प्रेशर सकाळच्या निम्मं. रिकाम्या गाडीला कशाचा भार? म्हणूनच मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं.

धूर_काळा
बोगद्यात हवा कोंडलेली आणि गरम असते. रेडिएटरला थंड हवा मिळत नाही.

घाटवळण
मिनिटभरात १६ अंश उतरलं? इंजिनचं लोखंड आणि ब्लॉकमधलं पाणी एवढ्या वेळात इतकं थंड होणं शक्य नाही. भरलेली गाडी खंबाटकी चढते ९२ वर, आणि रिकामी सपाटीला १०५? हे इंजिन तापल्याचं गणित नाही.

भोसरी_वायरमन
बोगद्यात तुम्ही काय करता? हेडलाइट लावता. रात्री हडपसरला काय करता? हेडलाइट लावता. दादा, अंगणात गाडी चालू करा, इंजिन गरम होऊ द्या, आणि उभ्या गाडीत लाइटचं बटण चालू-बंद करा. दोन्ही काट्यांकडे बघा. आत्ताच करा.

पासिंग_मार्गदर्शक
बाहेरून मीटर लावले म्हणून पासिंगला अडवतील ही भीती अनेकांना असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी पुस्तकातले तपशील बदलतील अशा फेरफाराबद्दल आहे. तीन मीटरनी तो तपशील बदलत नाही.

उरुळीची_रोपं (मंगळवार, रात्री ११:५०)
लाइट लावला की टेम्परेचर ८६ वरून १०२. बंद केला की परत ८६. प्रेशर उलटं. दोनदा केलं, वडिलांना बोलावून दाखवलं. म्हणजे इंजिन चांगलं आहे ना?

भोसरी_वायरमन (बुधवार, सकाळी ७:०५)
वायरिंगमध्ये घोळ आहे एवढं नक्की. हेड उघडू नका.
होतंय काय ते सांगतो. मीटर बसवणाऱ्याने तिन्ही मीटरची अर्थ डॅशबोर्डमागे लाइटच्या अर्थच्या बोल्टलाच जोडली असणार. दोन हेडलाइटचे ५५ वॅटचे बल्ब मिळून ९ अँपियरच्या आसपास घेतात. बोल्ट गंजका असला की एवढा करंट जाताना तिथे अर्धा-एक व्होल्ट अडकतो, म्हणजे मीटरची अर्थ तेवढी वर उचलली जाते. पण सेंडरची अर्थ इंजिनला आहे, ती शून्यावरच राहते. मीटरला वाटतं सेंडरचा रोध (रेझिस्टन्स) कमी झाला. टेम्परेचरच्या सेंडरचा रोध गरम झाल्यावर कमी होतो, म्हणून काटा वर. प्रेशरच्या सेंडरचा रोध प्रेशर वाढल्यावर वाढतो, म्हणून काटा खाली. दोष एकच, पण दिसतं असं की गाडी तापली, ऑइल पातळ झालं, प्रेशर पडलं. मेकॅनिकही याला फसतो, कारण खरी तापलेली गाडीही असंच दाखवते.
मल्टिमीटर असेल तर एक टोक मीटरच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. लाइट चालू असताना ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं.

ओहम_पुणे
घाई नको. सेंडर आणि मीटर जोडीचे आहेत का ते आधी बघा. प्रेशरचे काही सेंडर १० ते १८० ओहमचे असतात, अमेरिकन धर्तीचे २४० ते ३३ चे. ते उलट चालतात. बाजारात सुटे घेतले की हा गोंधळ होतो.

उरुळीची_रोपं
नाना पेठेतून घेतले, सगळं एकाच खोक्यात होतं. सुटं काही नाही.

भोसरी_वायरमन
जोडी चुकली असती तर दिवसाही चुकीचं दाखवलं असतं. तपासायचंच असेल तर टेम्परेचरचा सेंडर काढून उकळत्या पाण्यात धरा, आणि त्याच्या अंगाला वायर लावून अर्थ द्या. पुणं ५६० मीटर उंचीवर आहे, पाणी ९८ लाच उकळतं. काटा १०० ला का गेला नाही म्हणून परत धागा काढू नका.
होजमधल्या तुकड्याला अर्थ कुठून दिलीय? दोन्ही बाजूंना रबर आहे, आपोआप अर्थ मिळत नाही.

उरुळीची_रोपं
तुकड्याला स्क्रू आहे, तिथून वायर इंजिनच्या बोल्टला. तो पक्का आहे, ओढून बघितला. प्रेशरच्या टीच्या आट्यांना टेप फक्त एक वेढा, म्हणजे टेपने तिथली अर्थ तुटत नाही.

तांब्याची_नळी
मी आधीच म्हणालो होतो. नळीच्या मीटरला अर्थच लागत नाही.

घाटवळण
हो, टेम्परेचरपुरतं तुमचं बरोबर आहे. पण होजमधल्या सेंडरचा एक मोठा धोका अजून कोणी बोललेलं नाही, आणि तो नळीच्या बल्बलाही आहे. तुमचं हेड होज फुटून गेलं. पुन्हा फुटला तर सगळ्यात आधी पाणी वरच्या होजमधून जाईल. मग सेंडर रिकाम्या हवेत राहील आणि काटा वर जायच्या ऐवजी खालीही येऊ शकतो. तुम्ही ज्या प्रसंगासाठी मीटर घेतलात, त्याच वेळी तो गप्प बसेल. हेडमध्ये थर्मोस्टॅटच्या अलीकडे जागा मिळाली तर सेंडर तिथे हलवा. लेथवाला अडॅप्टर करून देईल, पण आटे नमुन्यावरून मोजायला लावा. १/८ इंची आट्यांच्या दोन जाती आहेत, एकीला इंचाला २७ आटे, दुसरीला २८. सुरुवातीला दोन्ही बसल्यासारखे वाटतात आणि नंतर पाणी झिरपतं.

आबा_टेम्पोवाले
हे मात्र खरं आहे. माझ्या एका गाडीचं पाणी सगळं गेलं तेव्हा काटा थंडीवर होता. पोरगा शिरवळपर्यंत चालवत गेला. उरुळीकर, काटा अचानक खाली आला तरी गाडी थांबवा. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. १ बार दाबाचं झाकण असेल तर आतलं पाणी १२० च्या आसपासपर्यंत उकळत नाही, पण झाकण सैल केलं की एकदम अंगावर येतं.

हिरवं_कूलंट
अवांतर: रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालता का? नर्सरीवाले हमखास घालतात. क्षाराचा थर बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

उरुळीची_रोपं (बुधवार, संध्याकाळी ६:३०)
बोअरचंच घालत होतो. बदलतो.
मल्टिमीटर शेजारच्या पंपवाल्याकडून आणला. लाइट चालू असताना मीटरच्या अर्थला ०.८ व्होल्ट. डॅशबोर्ड उघडला तर तिन्ही काळ्या वायरी एकाच बोल्टला, खाली रंग तसाच, वर गंज. तिन्ही काढून एकत्र केल्या, थिंबल (वायरच्या टोकाला दाबायची धातूची कडी) लावून जाड वायरने इंजिन ब्लॉकच्या बोल्टला नेल्या. आता लाइट लावला तरी काटा ८६ वरून ८८ एवढाच हलतो. मेकॅनिकला फोन करून हेडचं काम रद्द केलं. वायरमन दादा, घाटवळण, तुमचे उपकार आहेत. वडील कालपासून जेवले नव्हते नीट. पण हे दोन अंश कशाचे? का सोडून देऊ?

भोसरी_वायरमन
सोडू नका. मीटरची अर्थ आता ठीक आहे, पण लाइटचा सगळा करंट अजून त्याच गंजक्या बोल्टमधून जातोय. तो घासून चकचकीत करा. मग इंजिन ते चासी जाणारी विणलेली पट्टी बघा, गियरबॉक्सच्या बाजूला असेल. हेड उचलताना ती काढतात आणि बरेचदा परत लावायची राहते. गेल्या वर्षी हेड केलंत म्हणालात ना? आज रात्री टॉर्च मारून खाली बघा, आणि पट्टी आहे का नाही ते इथे लिहा.

उरुळीची_रोपं (बुधवार, रात्री ८:१०)
पट्टी नाही. बोल्ट आहे, रिकामा.

भोसरी_वायरमन
नवीन पट्टी लगेच नाही मिळाली तर बॅटरीची जुनी जाड केबल दोन्ही टोकांना थिंबल दाबून लावा, रंग खरवडून. पहाटे निघायच्या आधी लाइट लावून काटा बघा. होज आणि क्लिपाही हाताने दाबून बघा.