सोमवारी रात्री हमखास लागणारी धाप : डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पाणी, मीठ आणि वजन कसे सांभाळावे?

माणगंगा (प्रश्न)

माझे वडील 63 वर्षांचे आहेत. वीस वर्षांच्या मधुमेहाने दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून गेल्या सात महिन्यांपासून त्यांचे डायलिसिस मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास चालू आहे. उपचार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून होतो आणि डाव्या हातावरचा फिस्टुलाही, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडून केलेली रक्तवाहिनी, उत्तम चालतो, त्यामुळे उपचार मिळत नाही अशी आमची तक्रार नाही. अडचण आहे ती मधल्या दिवसांची.

डॉक्टरांनी त्यांचे ‘ड्राय वेट’, म्हणजे अंगात जास्तीचे पाणी नसतानाचे वजन, 56 किलो ठरवले आहे. शनिवारी केंद्रातून निघताना ते साधारण साडेछप्पन्न किलो असतात आणि मंगळवारी सकाळी काटा साडेसाठ ते एकसष्ट दाखवतो. सोमवारी रात्री त्यांना आडवे होताच येत नाही. भिंतीला उशी लावून बसून रात्र काढतात. मंगळवारी यंत्राने चार लिटरच्या वर पाणी काढायला घेतले की तिसऱ्या तासात पोटऱ्यांत गोळे येतात, रक्तदाब 90 पर्यंत उतरतो आणि ते “मला सोडवा” म्हणून विनवू लागतात. मग अर्धा-पाऊण तास आधीच डायलिसिस थांबवले जाते, म्हणजे पाणी राहते ते राहतेच.

घरी आम्ही त्यांना दिवसाला मोजून एक लिटरच पाणी देतो. लघवी जेमतेम 200 मिलिलिटर होते. मग हे एवढे वजन येते कोठून? तहान आवरण्यासाठी आपण काय करता? आणखी एक गोष्ट, वडील माळकरी आहेत आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरतात. त्याबद्दल त्यांच्याशी बोलायचे मला धैर्य होत नाही.

तिसरी पाळी

ताई, मी स्वतः 2016 पासून डायलिसिसवर आहे, म्हणून आधी सर्वांत निकडीचे सांगतो. आडवे झाल्यावर धाप लागते आणि बसल्यावर बरे वाटते, याचा अर्थ पाणी फुप्फुसांपर्यंत पोचले आहे. अशा वेळी मंगळवारची वाट पाहत रात्र काढायची नसते. केंद्राला फोन करून सोमवारीच जादा डायलिसिस मागावे, आणि धाप वाढली तर सरळ रुग्णालय गाठावे. शनिवार ते मंगळवार ही आठवड्यातली सर्वांत मोठी खिंड आहे आणि डायलिसिसच्या रुग्णांचे अनर्थ याच खिंडीत अधिक होतात, हे केंद्रातल्या कोणत्याही अनुभवी परिचारिकेला विचारून पाहा.

आता वजनाबद्दल. आपण पाणी मोजता, पण माझा अंदाज असा की दोन वेळचा चहा, वाटीभर आमटी, ताक आणि गोळ्यांबरोबरचे घोट कोणीच मोजत नसेल. जी वस्तू ओतता येते ती पाण्यातच धरायची. बर्फ, आइस्क्रीम, पेज, कलिंगडसुद्धा. ज्याची लघवी 200 मिलिलिटर आहे त्याला, ‘लघवीइतके अधिक अर्धा लिटर’ या नेहमीच्या हिशेबाने, सगळे मिळून 700 मिलिलिटर मिळतात. आपले एक लिटर साधे पाणी त्या मर्यादेच्या आधीच पलीकडे गेले आहे.

तरीही मी पाण्यापेक्षा मिठाला अधिक दोष देईन. अंगात राहिलेले सुमारे नऊ ग्रॅम मीठ एक लिटर पाणी धरून ठेवते. म्हणजे वडिलांच्या साडेचार किलोंमागे ढोबळ हिशेबाने 40 ग्रॅम मीठ आहे आणि तेवढे मीठ खाल्लेल्या माणसाला “पाणी पिऊ नकोस” म्हणणे हा निव्वळ छळ आहे. आपल्या भागातली शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लोणचे, पापड, भडंग, दुपारच्या चहाबरोबरची खारी, हे सारे आठवडाभर बंद करून पाहा. भाजी-आमटीत सर्वांचे मीठ पडण्यापूर्वी वडिलांची वाटी बाजूला काढा आणि तिला लिंबू, आमसूल, जिरे, लसूण, हिरवी मिरची यांची चव द्या. पहिले दहा दिवस जेवण मातीसारखे लागते, खोटे बोलणार नाही. नंतर जीभ सरावते आणि मग बाहेरचे जेवण खारट वाटू लागते. मात्र ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे पाकिटात मिळते ते चुकूनही आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते आणि आपल्यासारख्यांना ते सोडियमपेक्षाही घातक आहे.

तहानेसाठी मी सकाळीच दिवसाचे पाणी एका बाटलीत भरून ठेवतो आणि लहानशा पेल्याने पितो. चूळ भरून टाकणे, लिंबाची फोड चोखणे, लवंग किंवा वेलदोडा तोंडात धरणे, गोळ्या जमतील तेवढ्या जेवणाच्या घासाबरोबर घेणे, एवढ्यावर माझा उन्हाळासुद्धा निघतो. वडिलांना मधुमेह आहे, तेव्हा साखर वाढलेली नाही ना, हेही तपासा. साखर चढली की तहान आवरणे कोणाच्याच हाती राहत नाही.

मशीनमागचा

मी बारा वर्षे डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून काम करतो. वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. यंत्राच्या बाजूने जे दिसते ते जोडतो.

पाणी रक्तातून निघते, आणि मांसपेशींमध्ये साठलेले पाणी रक्तात परत येण्याला वेळ लागतो. म्हणून दर किलो वजनामागे तासाला 13 मिलिलिटरपेक्षा अधिक वेगाने पाणी काढू नये, असा संकेत आहे. 56 किलोंच्या माणसासाठी ते तासाला सुमारे 730 मिलिलिटर, म्हणजे चार तासांत 2.9 लिटर होते. आपण मागता साडेचार लिटर. रक्तातले पाणी भराभर उपसले गेले आणि मागून तेवढे आले नाही की रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात. मग आम्ही सलाईन सोडतो, म्हणजे काढलेले मीठ आणि पाणी थोडेसे परतच करतो, आणि रुग्ण घरी जातो तो पुन्हा तहानलेला. डायलिसिस लवकर थांबवले की उरलेले पाणी पुढच्या खेपेवर चढते, पुढची खेप आणखी जड जाते आणि रुग्ण आणखी लवकर सोडवून घेतो. हे चक्र मी शेकडो रुग्णांत पाहिले आहे. त्यात रुग्णाचा हट्टीपणा क्वचितच असतो. त्याला खरोखर असह्य होत असते.

केंद्रात काही गोष्टी आग्रहाने विचारा. यंत्रात रक्त शुद्ध करणाऱ्या द्रावणाचे तापमान 37 अंशांऐवजी साडेपस्तीस ते छत्तीस ठेवले तर अनेकांचा रक्तदाब टिकतो; थोडी थंडी वाजते, पांघरूण न्यावे. रक्तदाबाची सकाळची गोळी डायलिसिसच्या दिवशी आधी घ्यावी की नंतर, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनाने बंद करू नका. डायलिसिस चालू असताना पोटभर डबा खाल्ल्यानेही दाब उतरतो, आणि आपल्याकडे तर नातेवाईक नेमका त्याच वेळी डबा उघडतात. पाणी फारच जास्त असेल त्या दिवशी चारऐवजी पाच तास किंवा दुसऱ्या दिवशी आणखी एक खेप, हा मार्ग सक्तीने ओढण्यापेक्षा केव्हाही बरा.

आणि ड्राय वेट पुन्हा तपासून घ्या. सात महिन्यांत वडिलांचे मांस उतरले असेल, तर 56 किलोंचा आकडा तोच राहूनही त्यात मांस कमी आणि पाणी अधिक असू शकते. डायलिसिस पूर्ण होऊनही पायांवर सूज राहणे किंवा रक्तदाब चढाच असणे ही त्याची खूण आहे.

साधाभोळा

आमच्या शेजारच्या काकांना पुनर्नव्याच्या काढ्याने सूज उतरल्याचा चांगला अनुभव आला. मूत्रपिंडे धुऊन निघतात म्हणे. रोज एक शहाळेही द्यावे.

फोंडेकरीण

साधाभोळा, आपला हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, परंतु कृपया असे सुचवू नये. काढा म्हणजे आणखी पेलाभर पाणी, आणि ज्यांची लघवीच होत नाही त्यांच्यात लघवी वाढवणारी वनस्पती कशावर काम करणार? शहाळ्याचे तर विचारूच नका. एका शहाळ्याच्या पाण्यात सुमारे 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आणि रक्तातले पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. अनेकदा आधी काही जाणवतही नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे आणि मोसंबी न्यायची आपली रीत मूत्रपिंडाच्या रुग्णापुरती तरी मोडायला हवी. आमच्याकडे आलेली शहाळी मी आलेल्या पाहुण्यांनाच फोडून देत असे.

आमच्या गोव्यातला एक अनुभव सांगते. माझ्या यजमानांनी डायलिसिस चालू असताना घरच्या झाडाची दोन करमले, म्हणजे कमरख, मीठ लावून खाल्ली. त्या रात्री सुरू झालेली उचकी थांबेना आणि सकाळी ते असंबद्ध बोलू लागले. या फळातले विषारी द्रव्य निरोगी माणसाच्या मूत्रपिंडांवाटे निघून जाते, आपल्या माणसांच्या मेंदूवर ते चढते. तातडीने डायलिसिस झाले म्हणून ते वाचले. तेव्हापासून आमच्या घरात ‘झाडपाल्याने काय होतंय’ हे वाक्य कोणी उच्चारत नाही.

माणगंगा ताईंना आणखी एक सुचवते. यंत्रावर पाणी काढणे सोसतच नसेल तर पोटातून करायच्या डायलिसिसबद्दल, म्हणजे सीएपीडीबद्दल, डॉक्टरांना विचारावे. यजमान आता त्यावर आहेत. दिवसातून चार वेळा दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची आणि काही तासांनी काढायची. पाणी रोज थोडे थोडे निघत असल्यामुळे तीन दिवसांची खिंड उरत नाही. परंतु हात धुण्यात आणि नळी जोडण्यात कसूर झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो, निघालेले पाणी गढूळ दिसते आणि धावपळ करावी लागते. त्या द्रावणात साखर असते, म्हणून मधुमेह्यांना इन्सुलिनचा हिशेबही बदलावा लागतो. घरात एक नेटके माणूस आणि एक स्वच्छ कोपरा असेल तरच हा विचार करावा.

माणगंगा

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

पहिल्याच सोमवारी धाप लागली तेव्हा केंद्राला फोन केला आणि रात्रीच जादा डायलिसिस झाले. त्यानंतर डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे पाहून ड्राय वेट एक किलोने खाली, 55 वर आणले. द्रावणाचे तापमान कमी करण्याबद्दल मी विचारले तेव्हा तेथील तंत्रज्ञ आधी चमकले, मग हसून म्हणाले की हे आम्हीच सुचवायला हवे होते.

घरात चटणी आणि लोणच्याच्या बरण्या माळ्यावर गेल्या. वडिलांनी स्वतःची युक्ती काढली आहे : खुंटीला बाटली टांगून ठेवतात आणि बाटलीच्या बुचाने पाणी पितात. दिवसभरात किती बुचे झाली हे आईला विचारावे लागत नाही, तेच ओरडून सांगतात. गेल्या मंगळवारी वजन 57.8 होते आणि चारही तास पूर्ण झाले. गोळे आले, पण शेवटच्या दहा मिनिटांत.

एकादशीचा प्रश्न मात्र तसाच आहे. उपवास सोडायला ते तयार नाहीत, आणि “पंढरीला एकदा जाऊन आलो की मग काहीही सांगा” असे त्यांचे म्हणणे आहे.

तिसरी पाळी

57.8 म्हणजे पावणेतीन किलो. साडेचारवरून एवढ्या लवकर येथवर येणारे थोडे असतात. पुढचा टप्पा सव्वादोन-अडीचचा ठेवावा.

एकादशीबद्दल : उपवासापेक्षा उपवासाचे ताट अधिक बाधते. बटाटा, रताळे, केळे, राजगिरा, दाण्याचे कूट, खजूर यांच्यात पोटॅशियम भरपूर आहे आणि एकादशीला आपण नेमके तेच दुप्पट खातो. सैंधव उपवासाला चालते, पण पाणी धरून ठेवण्यात ते साध्या मिठासारखेच. मी स्वतः एकादशीला तुपाची, जिऱ्या-मिरचीची कोरडी भगर किंवा दाण्याविना साबुदाणा खातो. आपल्या वडिलांच्या बाबतीत इन्सुलिन चालू असेल तर निरंकार उपवास मुळीच नको, साखर एकदम उतरेल. आणि एकादशी डायलिसिसच्या दिवशी आली तर घासभर का होईना खाऊनच निघावे. शिवाय डायलिसिसमध्ये प्रथिने वाया जातात, त्यांना दिवसाला 56 ते 65 ग्रॅम प्रथिने लागतात आणि उपवासाच्या ताटात ती जवळजवळ नसतात. निदान चमचा-दोन चमचे घट्ट दही आणि थोडे पनीर ठेवावे, आणि नेमके किती ते आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. हे सारे मुलीने सांगण्यापेक्षा त्यांच्या फडावरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माळकऱ्याकडून वदवून घ्या. माझ्या बाबतीत तेच लागू पडले.

पंढरपूरला जरूर न्या, मात्र आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत नव्हे आणि सोमवारी तर नव्हेच. बुधवार किंवा शुक्रवार, म्हणजे डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीचा दिवस, अंगाला सर्वांत हलका असतो. पददर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहण्याऐवजी मुखदर्शन घ्यावे. एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या रुग्णांना भाड्याची सवलत आहे, लागणारी कागदपत्रे आगारात आधी विचारून ठेवा. फिस्टुलाच्या हाताला कोणी धरून ओढणार नाही असे त्यांना मधे ठेवून चालवा, आणि खुंटीवरची बाटली बुचासकट बरोबर घ्या, कारण चंद्रभागेच्या वाळवंटात ऊन असते आणि तेथे प्रत्येक जण पाण्याचा तांब्या पुढे करतो.