अनुभव धागा : सोबतीनं तुमचं शिक्षण कुठं वळवलं?

निकाल लागले की गुणांवर बोललं जातं, सोबतीवर नाही. सातारा-सांगलीकडच्या मंडळींनो, वर्गातल्या, खोलीतल्या, पारावरच्या दोस्तांमुळे तुमचं शिक्षण नि कमाई कशी वळली, ते लिहा. चांगलं-वाईट दोन्ही.

खानापूर तालुका
आमच्याकडची पोरं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, परराज्यांत जातात. दहावीला आम्ही सहा जण जिवाभावाचे. चौघं निकालाआधीच केरळ-तामिळनाडूकडं गेले आणि दिवाळीला नवे मोबाईल, नवे बूट घेऊन आले. मी अकरावी सायन्सला, खिशात एसटीचा पास. मीही एकदा बॅग भरली होती. राहिलेला सहावा रोज सकाळी दारात उभा राहायचा. "चल, सव्वासातची जाईल." अभ्यासाचं अवाक्षर नाही. दोन वर्षं तो असाच आला. आज मी सांगलीत इंजिनिअर आहे. गेलेल्यांतल्या एकाचं स्वतःचं दुकान आहे, तो माझ्याहून जास्त कमावतो. दुसऱ्याची छाती ॲसिडच्या धुरानं धरली, तो गावी परतलाय. शाळा सोडली ती चुकलीच, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या दारात कुणीच थांबलं नाही, मीसुद्धा नाही, हे टोचतं.

सातारा
आजोबा कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या, शाहू बोर्डिंगात शिकले. 1924 साली ते साताऱ्यात सुरू झालं, 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते नामकरण झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला जेवायची, एकत्र राबायची. आजोबांचं गणित कच्चं. शेजारच्या वळकटीवरचा पोरगा कंदिलाशी बसून त्यांच्याकडून ते घोटून घ्यायचा. त्या पोराच्या हातची भाकरी आजोबांच्या गावात कुणी खाल्ली नसती. आमच्या घरातले आजोबा पहिले मॅट्रिक.

कोरेगाव
पोलीस भरतीवाल्या पोरांत पडलो. 1600 मीटर धावणं जमलं, पण लेखीचं पुस्तक कुणाकडंच नव्हतं. तीनदा गेलो, तीनदा लेखीतच राहिलो.

मिरज
बारावीनंतर गल्लीतल्या मैत्रिणींची एकापाठोपाठ लग्नं ठरली, मलाही तेच पुढं दिसत होतं. होस्टेलवरच्या रूममेटनं महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर, राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसवलं. उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर मिळते, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. तहसीलच्या दाखल्यासाठी ती माझ्यासोबत दोनदा रांगेत उभी राहिली. आता चुलतबहिणींसाठी मी कागदांची यादी फ्रीजवर चिकटवून ठेवलीय. धाकटीचा डोमिसाईल तेवढा यायचा राहिलाय.