अंकाराहून हत्तुशा: बाबांना घेऊन जायचंय, एक दिवस पुरेल का?

पाऊसवाट:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात तुर्कस्तानला जातोय, मी, नवरा आणि माझे बाबा. इस्तंबूल आणि कप्पादोकिया ठरलंय पण बाबांची एकच इच्छा आहे, बोगाझकोई, म्हणजे प्राचीन हित्ती लोकांची राजधानी हत्तुशा, बघायचं. त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, मित्र वरुण इंद्र नासत्य ही नावं असलेला 'बोगाझकोईचा शिलालेख' दरवर्षी फळ्यावर लिहिला, बघितला मात्र कधीच नाही. वय ७३, गुडघे दुखतात. ट्रॅव्हलवाला म्हणतो तिकडं नुसते दगड आहेत, कोणी जात नाही. जावं का? आणि अंकाराहून जाऊन येऊन एका दिवसात होईल का?

मातीची_वीट:
जाच! पण एक गोष्ट बाबांना निघायच्या आधीच सांगा म्हणजे तिथं हिरमोड होणार नाही. आपल्याकडं पुस्तकांत शिलालेख म्हणतात खरं पण तो दगडावर कोरलेला नाही, मातीच्या पाट्यांवर कीलाकार लिपीत लिहिलेला तह आहे, अक्कादी भाषेत. हित्ती राजा सुप्पिलुलिउमा पहिला आणि शेजारच्या मितन्नी राज्याचा शत्तिवाझा यांच्यातला, इ.स.पू. चौदाव्या शतकातला. साक्षीला दोन्हीकडच्या देवांची लांबच लांब यादी आहे, त्यात मितन्नीच्या बाजूला आपले हे चौघं येतात. म्हणजे हित्ती लोक इंद्राची पूजा करायचे असं अजिबात नाही, त्यांचे मोठे देव म्हणजे वादळाचा देव आणि अरिन्नाची सूर्यदेवी.
पाट्या साइटवर नाहीत. पण १९०६ पासून विंकलर या जर्मन संशोधकाने खणायला घेतलं आणि ब्युयुक्कले म्हणजे राजवाड्याच्या टेकडीवर अख्खं दफ्तर सापडलं, ती टेकडी आहे की. तिथं बाबांना दहा मिनिटं शांत बसू द्या.

गडवाट_नाशिक:
आम्ही आईला घेऊन गेलो होतो, तिलाही गुडघ्यांचा त्रास. अंकाराहून साधारण २०० किमी, तीन तास धरा. एका दिवसात होतं पण करू नका, सहा तास गाडीत आणि मग चढ, म्हातारं माणूस थकून जातं. बोगाझकले गावात (बोगाझकोईचंच आजचं नाव) एक रात्र राहा, छोटी पेन्शन म्हणजे घरगुती लॉज आहेत. गाडी स्वतःची हवीच. हत्तुशाच्या आत गोल रस्ता आहे, सिंहद्वार, येरकापी, राजद्वार सगळीकडं गाडी जवळपर्यंत जाते, उतरायचं बघायचं परत बसायचं. येरकापीला मात्र उंच पायऱ्या आहेत, तिथं आईला खालीच ठेवलं आणि तटाखालून जाणारा दगडी बोगदा, जवळजवळ ७० मीटरचा, तेवढा हात धरून पार केला. ती अजून त्याबद्दलच बोलते. सावली कुठंच नाही, टोपी आणि पाणी न्या.
याझिलिकाया, म्हणजे हित्तींचं खडकात कोरलेलं देवस्थान, चुकवू नका, दोनेक किमीवर. आम्ही सकाळी आठला पोचलो तर कोरीव देव नीट दिसेचनात, ऊन वर आल्यावर रेषा उठल्या, म्हणून दुपारी परत गेलो. छोट्या दालनात बारा देव एका ओळीत आहेत, तिथून पाय निघत नाही.

अश्वमेध_वाचक:
बाबांसाठी अजून एक. त्याच दफ्तरात किक्कुली नावाच्या मितन्नी माणसाचं घोडे तयार करायचं पुस्तक सापडलंय, त्यात रथाच्या फेऱ्या मोजायला शब्द येतात ऐक, तेर, पंझ, सत्त आणि पुढं वर्तन्न. एक, तीन, पाच, सात आणि वर्तन! आपण रोज बोलतो ते आकडे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथल्या मातीवर. मला वाचताना काटा आला होता.

मातीची_वीट:
किक्कुलीचं कसं विसरलो मी! आणि अंकाराचं अनातोलियन संस्कृतींचं म्युझियम आधी करा, नंतर नाही. राजद्वारावरचा मूळ योद्धा देव तिथंच आहे, साइटवर त्याची प्रतिकृती. तो डोळ्यात ठेवून गेलात की रिकामं दार रिकामं वाटत नाही. आणि इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात कादेशचा तह बघा, इजिप्तचा रामसेस दुसरा आणि हित्ती राजा हत्तुसिली तिसरा यांच्यातला, इ.स.पू. १२५९. लढाई १२७४ ची, तह पंधरा वर्षांनी. फक्त तिथली काही दालनं मध्येमध्ये दुरुस्तीला बंद असतात, आधी चौकशी करा.

पाऊसवाट:
खूप खूप आभार सगळ्यांचे. बाबांना वाचून दाखवलं, शिलालेख नाही म्हटल्यावर दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले पाटी असेल तर आणखी छान, बोटांचे ठसे असतील. कप्पादोकियाची एक रात्र कमी करून बोगाझकलेला दोन रात्री धरल्यात. अलाजाहोयुक हे दुसरं प्राचीन ठिकाण पण जमेल का त्यात?

गडवाट_नाशिक:
आरामात. जवळच आहे, परतीच्या दिवशी सकाळी करा. दारातले स्फिंक्स हित्तींचे, पण आतल्या राजांच्या कबरी त्यांच्याही कितीतरी आधीच्या, त्यातल्या सूर्यचकत्या तुम्ही अंकारालाच बघितलेल्या असतील.