डिफेक्ट क्लास: ब्लो होल क्रिटिकल की मेजर?
वर विचारलंय की सॅपमध्ये (कंपनीचं कामकाज नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ब्लो होलला, म्हणजे कास्टिंगमध्ये वायूमुळे राहिलेल्या भोकाला, क्रिटिकल क्लास द्यायचा की मेजर, म्हणजे दोष किती गंभीर धरायचा. क्लास येतो कॅटलॉग ९ (सॅपमधली दोषांच्या कोडची यादी) मधल्या डिफेक्ट कोडवरून. कास्टिंगवर दोष कुठे आहे ते कॅटलॉग ई मध्ये नोंदवता येतं, पण त्यावरून क्लास ठरत नाही. आपल्या कुपवाडच्या फाउंड्रीवाल्यांची अडचण नेमकी इथेच: पंप बॉडीच्या सीलिंग फेसवर (गळती रोखणारा, मशीनिंग केलेला पृष्ठभाग) भोक निघालं की पीस भंगारात, तेच बाहेरच्या अंगाला असलं तर गिऱ्हाइकाच्या परवानगीने भरून चालतं. म्हणून सरळ दोन कोड करा, ‘ब्लो होल मशीनिंग फेस’ आणि ‘ब्लो होल बाहेरील बाजू’. कारणं कॅटलॉग ५ मध्ये. ‘वाळू ओली’ हे कारण आहे, डिफेक्ट नव्हे. आणि ‘इतर’ असा कोड ठेवूच नका राव, रात्रपाळीत सगळं त्यातच जातं.