सेसना १७२पी : आयडलला मिसिंग, काळा धूर, दुपारी मॅग ड्रॉप जास्त. स्क्रू लीन करूनही फरक नाही

वाघोलीकर :
इंजिन लायकमिंग ओ-३२०-डी२जे, कार्ब्युरेटर एमए-४एसपीए. विमान पुण्याजवळच उभं असतं. सकाळी सातला बरं चालतं. दुपारी ३८-४० अंशांत मात्र आयडलला (थ्रॉटल बंद असताना), म्हणजे ७०० आरपीएमला मिसिंग (ठोके चुकतात), एक्झॉस्टमधून काळा धूर. टॅक्सी करून रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीला) पोचेपर्यंत १७०० वर डाव्या मॅगचा ड्रॉप (एकाच मॅग्नेटोवर चालवल्यावर पडणारे आरपीएम) १५० च्या वर जातो आणि इंजिन थरथरतं. मिश्रण थोडं लीन (पेट्रोल कमी) केलं की ड्रॉप ८० वर येतो.

मिक्श्चरचा दांडा आयडल कट-ऑफकडे (पेट्रोल बंद होण्याकडे) ओढताना आरपीएम १२० ने चढत होते. एएमईंनी (विमान देखभाल अभियंत्यांनी) आयडल मिक्श्चर स्क्रू तीन खाचा लीन केला, आता चढ ४० येतो. मिसिंग तरीही कायम. उलट थ्रॉटल पटकन उघडला तर कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ आवाज येतो, जो आधी नव्हता. एअर फिल्टर नवा आहे, मॅग टायमिंग डेटा प्लेटप्रमाणे. फुल थ्रॉटलला स्टॅटिक (विमान उभं असतानाचे) आरपीएम दुपारी ५०-६० ने कमी, एरवी इंजिन स्वच्छ ओढतं. कार्ब्युरेटर ओव्हरहॉलला पाठवायचा का?

टॅकोमीटर :
अजून नको. यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, आधी वेगळ्या करा.

पहिली हवेची. इथली उंची साधारण १,९०० फूट धरा. त्या उंचीचं प्रमाण तापमान सुमारे ११ अंश. बाहेर ४० असेल तर फरक २९ अंशांचा, दर अंशाला १२० फूट, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार धरलेली उंची) जवळपास ५,४०० फूट. सकाळी २० अंशांना तीच ३,००० च्या आसपास. स्टॅटिक आरपीएममधली दुपारची घट मुख्यतः यातूनच येते, तिच्यासाठी काही उघडू नका. साधा कार्ब्युरेटर विरळ हवेत आपोआप रिच (पेट्रोल जास्त) होतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत ५,४०० फुटांवर ढोबळ ८ टक्के, सकाळच्या तुलनेत ४ टक्के. लीन केल्यावर ड्रॉप सावरतो, म्हणजे मॅग्नेटो निर्दोष आहे. रिच मिश्रण एका प्लगवर सावकाश जळतं, म्हणून ड्रॉप वाढतो.

पण ४ टक्क्यांनी कट-ऑफचा चढ १२० होत नाही. लायकमिंगच्या मते ५० च्या वर चढ म्हणजे आयडल जास्त रिच, आणि अजिबात न चढता थेट घसरले तर लीन. जास्तीचं पेट्रोल कुठून तरी येतंय, आणि ते कुठून हे न शोधता स्क्रू फिरवला गेला. प्लग काढून पाहिले का? कोणत्या सिलेंडरचे काळे आहेत, ते लिहा.

वाघोलीकर :
आज काढले. १ आणि २ चे प्लग कोरड्या काजळीने काळे. ३ आणि ४ चे फिकट, जवळजवळ पांढुरके. कार्ब्युरेटरखाली पेट्रोलचे निळे डाग नाहीत. या विमानात प्रायमरच्या (इंजिन सुरू करण्याआधी पेट्रोल मारणाऱ्या हातपंपाच्या) नळ्या १ आणि २ लाच जातात.

स्पॅनर_हडपसर :
मग उत्तर तुमच्याच हातात आहे. कार्ब्युरेटर सगळ्या सिलेंडरना पुरवतो. फ्लोट बुडाला, नीडल व्हॉल्व्ह गळला किंवा कार्ब हीटची (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी) झडप अर्धवट उघडी राहिली, तर चौघांचेही प्लग काळे व्हायला हवेत. इथे फक्त प्रायमरचे दोन काळे आहेत.

आयडलला थ्रॉटल बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढ सर्वात जास्त. प्रायमरचा दांडा लॉक नसेल, किंवा लॉक असूनही आतल्या ओ-रिंग झिजल्या असतील, तर ती ओढ नळीतून पेट्रोल खेचत राहते. फुल थ्रॉटलला ओढ जवळपास नाहीशी होते, आणि एकूण पेट्रोल इतकं वाढलेलं असतं की ही गळती त्यात जाणवतही नाही. म्हणून वरच्या आरपीएमला इंजिन स्वच्छ ओढतं.

स्क्रू फिरवल्याने जे झालं ते नीट समजून घ्या, कारण ही चूक सर्रास होते. स्क्रू चारही सिलेंडरचं आयडल पेट्रोल कमी करतो. १ आणि २ जरा सावरले, ३ आणि ४ उपाशी राहिले. आरपीएम मोजणारा टॅकोमीटर सगळ्यांची बेरीज दाखवतो, म्हणून चढ ४० दिसला आणि सेटिंग बरोबर वाटलं. ‘फट्’ आवाज त्या दोन लीन सिलेंडरचा आहे.

खात्री अशी करा. मॅग ऑफ, चावी बाहेर, फ्युएल सिलेक्टर बंद. हेडवरून प्रायमरच्या दोन्ही नळ्या सोडवा. हेडवरच्या फिटिंगला धातूची कॅप लावा आणि सुटलेल्या नळ्यांची टोकंही कॅप करा, नाहीतर गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकेल. चाकांना चॉक, ब्रेक, अग्निशामक घेऊन एक माणूस बाहेर. सिलेक्टर उघडून गळती पाहा, मग इंजिन सुरू करून गरम करा. आयडलला चढ एकदम कमी झाला किंवा नाहीसाच झाला, तर दोष प्रायमरचाच.

टॅकोमीटर :
यात एक भर. ३ आणि ४ पांढुरके आहेत त्याचं कारण इनटेक गळतीही असू शकतं, तीही आयडललाच जास्त त्रास देते. इनटेक पाइपच्या फ्लँजभोवती आणि रबरी होजच्या टोकांना निळे डाग शोधा. मग व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू एअर बॉक्सला लावून हलका दाब द्या आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तर गॅस्केट बदला. कॉम्प्रेसरची हवा नको, दाब फार होतो.

वाघोलीकर :
दोन्ही केलं. साबणाच्या पाण्यात बुडबुडे नाहीत. प्रायमर कॅप केल्यावर चढ शून्य, कट-ऑफकडे नेताच इंजिन बंद पडतं. म्हणजे स्क्रू आता फार लीन आहे ना?

स्पॅनर_हडपसर :
हो. आधी प्रायमरच्या ओ-रिंग बदलून घ्या, दांडा लॉक केल्यावर ओढून पाहा, मगच सेटिंग. इंजिन पूर्ण गरम हवं. आयडल ६५० ते ७०० वर आणा, थ्रॉटल जरा उघडून इंजिन साफ करा आणि परत आयडलला या. मिक्श्चर सावकाश ओढा, सर्वात वरचा आकडा वाचा, बंद पडण्याआधी परत रिच करा. चढ २५ ते ५० मध्ये येईपर्यंत एकेक खाच रिच करत जा. स्क्रूला हात लावताना दर वेळी इंजिन बंद. मिक्श्चर बदललं की आयडल स्पीडही सरकतो, तो शेवटी पुन्हा लावा. हे सेटिंग सकाळी सातला करून दुपारी कुरकुर करू नका, दहा-अकराच्या सुमाराला करा. सही बी१.२ (पिस्टन इंजिनच्या विमानांचं) लायसन्सवाल्या एएमईंची, आणि स्क्रू किती खाचा फिरला हे लॉगबुकात लिहायला सांगा. पुढच्याचे कष्ट वाचतात.

रनवे_२८ :
दुरुस्तीनंतरही उन्हाळ्यात फुल रिच टॅक्सी केली तर खालच्या प्लगमध्ये शिशाचे मणी जमतीलच, १००एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं भरपूर असतं. सुरू झाल्यावर १,००० ते १,२०० ठेवा आणि मिक्श्चर इतकं ओढा की थ्रॉटल पुढे केल्यास इंजिन अडखळेल. अर्धवट लीन धोकादायक, कारण तसंच टेक-ऑफला जाता येतं. इतकं लीन असेल तर इंजिनच जाऊ देत नाही. टेक-ऑफचं मिक्श्चर मात्र पीओएचप्रमाणेच (विमानाच्या हँडबुकप्रमाणेच).

पावसाळ्यात हीच लक्षणं दिसली तर आधी बर्फ आठवा. २२-२५ अंश आणि दमट हवा, थ्रॉटल कमी, म्हणजे व्हेंचुरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) बर्फ जमायला पुरेसं. कार्ब हीट पूर्ण ओढा. आरपीएम आधी आणखी पडून मग चढले तर तो बर्फच होता. जमिनीवर मात्र ती गरजेपुरतीच वापरा, ती हवा फिल्टरमधून येत नाही.