ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क: शिल्टवर थांबावं की तीर्थनच्या उगमापर्यंत जावं?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही तिघं कुल्लू जिल्ह्यातल्या या पार्कात जायचं म्हणतोय. हातात आठ दिवस आहेत. बाकीचं जमत आलंय, गाडी अडलीय ती एकाच ठिकाणी.

एक पर्याय असा: गुशैणीहून रोल्ला, तिथून शिल्ट, वरच्या कुरणांवर एक दिवस भटकून परत. दुसरा म्हणजे आणखी आत, तीर्थन नदी जिथे उगम पावते त्या तीर्थपर्यंत. माझं मन अर्थातच तिकडे ओढतंय. नदीचा उगम बघायचं वेड जुनं आहे, त्याला इलाज नाही.

भीती आहे उंचीची. आम्ही सह्याद्रीतले गडी. कळसूबाईचं टोक १६४६ मीटर, आणि इथे रोल्लाचा पहिला मुक्कामच साधारण २१०० मीटरवर. शिल्ट ३१०० च्या आसपास. म्हणजे एका दिवसात हजार मीटर चढायचं आणि वरच झोपायचं. तीन हजारांच्या पुढे मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये म्हणतात, ते आत गेल्यावर कसं पाळायचं? आमच्यातल्या एकाला पूर्वी साडेतीन हजारांवर रात्रभर डोकेदुखी आणि उलट्या झाल्या होत्या. तो म्हणतो, "जेवण बाधलं होतं." मला काही ते पटत नाही.

रोल्लाला एक रात्र जास्त काढली तर फरक पडेल का? आणि आत कुणाची तब्येत बिघडली, तर काय करता तुम्ही?

प्रतिसाद:

रोल्लाला जादा रात्र काढाच, आठ दिवसांत सहज बसते. पण मी निवड वेगळ्या हिशोबाने करेन. उंची बाधली की खरा उपाय एकच, खाली उतरणं. शिल्टवरून काही तासांत रोल्लाला येता, म्हणजे हजार मीटर कमी. तीर्थहून गाडीरस्ता कित्येक मुक्काम दूर, आणि पार्काच्या आत वाहन नाही. तुमच्या मित्राचा इतिहास बघता यंदा शिल्ट. उगम कुठे जात नाही.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा त्या रात्रीचं आधी सांगा. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) द्यायची की नाही ते त्यांना ठरवू दे, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. आणि गोळी घेतली म्हणून डोकं ठणकत असताना वर चढायचं नसतं.

परवाना आधी काढा, वाटाड्या गावातलाच घ्या. १९९९ मध्ये पार्क रीतसर जाहीर झाला तेव्हा भोवतालच्या गावांचे आत मेंढ्या चारायचे, जडीबुटी काढायचे हक्क गेले. या वाटा मुळात त्यांच्याच पायांनी पडलेल्या. तो "मागे फिरू" म्हणाला की वाद घालू नका.

जुजुराणा (रानकोंबड्याच्या कुळातला तिथला तो दुर्मीळ पक्षी) दिसेल अशी आशा धरू नका. त्याची हाक वसंतात ऐकू येते.

धागाकर्ता:

आभार! किती लवकर खाली येता येईल, हा विचारच डोक्यात आला नव्हता. शिल्ट नक्की. मित्राला हे वाचून दाखवलं. जेवणच बाधलं होतं यावर तो अजून ठाम आहे, पण शनिवारी डॉक्टरकडे जातोय.