साडेचार वर्षांच्या मुलीला वाचून दाखवायला पुस्तकं आणि गोष्टीवरनं हातकाम सुचवा (बेळगाव, बजेट ६००)

टिळकवाडीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी साडेचार वर्षांची, एलकेजीत, शाळा इंग्लिश मीडियम. घरी मी आणि हे मराठी, खाली अंगणात पोरं सगळी कन्नड, आणि सासूबाई गोकाककडच्या, त्या तिच्याशी कन्नडच बोलतात. एबीसीडी पाठ झालंय खरं गोष्ट वाचायला घेतली की दोन पानांत उठून पळते. रोज रात्री वाचायला काय घेऊ? गोष्टीवरनं हातानं काहीतरी करता आलं तर बरं. ६०० रुपयांच्या वर नको, मोबाईल पण नको.

वडगाव_आण्णा
आम्ही नातवाला साडेतीन हजाराचा सेट घेतला. त्यात पेन असतोय, पानावर टेकवला की तोच वाचून दाखवतोय. पोरगं तासभर एका जागी बसतंय, घरात शांतता. ताई, पोरांच्या बाबतीत पैशाकडं बघू नका.

खानापूरकर
आण्णा, तिनं ६०० म्हटलंय. आणि पेनच वाचणार असेल तर आई कशाला पाहिजे? मांडीवर घ्या, शब्दाखाली बोट फिरवत वाचा, मधीच थांबून विचारा 'आता कोल्हा काय करंल गं?' आणि ती सांगेल ते ऐकून घ्या, चूक म्हणू नका. पळाली तर पळू दे, तुम्ही मोठ्यानं वाचत राहा, येते परत. तीच गोष्ट परत परत मागितली तर कंटाळू नका, पोरं शब्द तिथंच पकडतात. पुस्तकं म्हणाल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा, वेगवेगळ्या भाषेतल्या पोरांच्या गोष्टींची वेबसाइट आहे ती, २०१५ पासून चालू आहे, पूर्ण फुकट. पहिल्या पातळीची निवडा, पानाला एक-दोन ओळीच असतात. प्रिंट काढून वापरायला पण मुभा आहे.

निपाणी_एक्सप्रेस
काय वाटेल ते करा, ऑनलाइन पुस्तकं मागवू नका. मी स्वस्त बघून मराठी गोष्टींचा गठ्ठा मागवला तर मात्राच उडालेल्या, 'कोल्हा'चा 'काल्हा' आणि 'मोर'चा 'मार'. शिकणाऱ्या पोरानं काय वाचायचं त्यातनं? विकणारा परत घ्यायला तयार नाही. कोल्हापूरला जाऊन हातात धरून, चार पानं वाचून घ्या.

हिंडलगा_मम्मी
स्टोरीवीव्हर म्हणून एक आहे बघा ताई, फुकट असतंय. आणि बालभारतीचं 'किशोर' लावा, आम्ही लहानपणी त्याच्यावरच वाढलो.

खानापूरकर
स्टोरीवीव्हर वर सांगितलंय की. आणि 'किशोर' छानच, खरं ते जरा मोठ्या पोरांचं, साडेचार वर्षाला जड जाईल.

मराठी_शाळेतल्या_बाई
मी आयुष्यभर पहिलीला शिकवलं, म्हणून ठामपणे सांगते. आधी मराठी पक्कं करा. ग म भ न पासून सुरू करा, ताटात रवा पसरून बोटानं गिरवू द्या, पेन्सिल नंतर. घ-ध, भ-म एकाच दिवशी देऊ नका, पोरं गोंधळतात. इंग्लिश शाळेत चालूच आहे, त्यात कन्नड लिपी आत्ता घुसवू नका, तिसरीनंतर बघा.

चिक्कोडी_एक्सवायझेड
कर्नाटकात राहून कन्नड तिसरीनंतर? आमच्या पोराला त्यामुळंच पुढं त्रास झाला, वर्गात मागं पडला.

मराठी_शाळेतल्या_बाई
नको म्हटलं नाही, नंतर म्हटलंय. नीट वाचा.

चिक्कोडी_एक्सवायझेड
दोन्हीकडं अ आ इ ई, क ख ग घ असाच क्रम आहे बाई. आवाज ओळखीचे, फक्त आकार नवे. एवढं काय अवघड?

येळ्ळूरचा_किल्लेदार
भांडू नका. दिवाळीला पोरं किल्ला करतातच की, त्याचाच उपयोग करा. माझ्या पोराला मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या काडीला लावून दिल्या, 'बुरुज', 'विहीर', 'दरवाजा', तो वाचून जागेवर खोचायचा. नंतर मावळ्यांची नावं स्वतः लिहून मागू लागला. माती फुकट, काड्या फुकट. आमचा किल्ला गल्लीत पहिला आला होता, सांगतो.
आणखी एक, पुस्तक घरीच करा. ए-फोर कागदाला घड्या घालून आठ चौकोन पाडा. मग आडवा मधोमध दुमडून, दुमडीकडनं मधल्या रेषेवर एक चौकोनभर कात्री चालवा. उघडा, लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, आठ पानांचं पुस्तक तयार, डिंक पण लागत नाही. ती सांगेल ती गोष्ट तुम्ही लिहा, चित्र तिचं.

निपाणी_एक्सप्रेस
हे भारी आहे. आणि हो, बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात घेऊन जा तिला, १८४८ सालचं आहे, कोल्हापूरला जायचं नसेल तर.

वडगाव_आण्णा
पेन एकदा वापरून बघा, मग बोला.

टिळकवाडीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. आण्णा, पेन नको, माफ करा. कोल्हापूरला पण आत्ता जमणार नाही, वाचनालयाचं पावसाळ्यानंतर बघते. बाई, रवा कालच पसरला, तिला फार आवडला. खरं एका गोष्टीत तुमचं ऐकणार नाही, कन्नड थांबवणार नाही. सासूबाईंना ती दुपारी चिकटूनच असते, त्यांच्या हातात पुस्तक नाही तेवढंच. म्हणून एकच गोष्ट दोन्ही भाषेत प्रिंट काढायची ठरवलंय, दुपारी आजी कन्नडमधनं वाचणार, रात्री मी मराठीतनं. सासूबाईंनी चष्मा पुसून ठेवलाय. बाकी पैशात बोथट कात्री, पुठ्ठा आणि ए-फोर कागद. कलर प्रिंट मात्र महाग पडायलाय, कॉलेज रोडला स्वस्त कुठं मिळेल?

मराठी_शाळेतल्या_बाई
मला अजून पटलेलं नाही, खरं आजी वाचणार असतील तर वाचू दे. घ-ध तेवढं सांभाळा.

खानापूरकर
कलर कशाला? काळं-पांढरं काढा, रंग तिलाच भरू दे.